कोणाला खेळवावे, कोणाला बसवावे: वाइड रिसीव्हरच्या निवडीच्या प्रकल्प नोंदी, हंगाम २०२३

२ सप्टेंबर २०२३, शनिवार (एडिसन, न्यू जर्सी)

आमच्या बारा संघांच्या फँटसी फुटबॉल लीगचे हे सहावे वर्ष आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले खेळाडू आपल्या कागदी संघात घ्यायचे आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवरून गुण मोजायचे, असा हा खेळ. दहा जण न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातले आहेत. उरलेले दोघे, म्हणजे माझा मावसभाऊ आणि त्याचा मित्र, पुण्यातून संघ चालवतात आणि रविवारचे दुपारचे सामने तिकडे रात्री साडेदहाला सुरू होत असल्यामुळे अर्धी रात्र जागतात. गेल्या पाच हंगामांत माझे संघ कागदावर कमजोर नव्हते. तरीही दर आठवड्याला वाइड रिसीव्हरपैकी, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंपैकी, कोणाला खेळवायचे आणि कोणाला बाकावर ठेवायचे, या एकाच निर्णयात मी वारंवार अडखळत आले. मंगळवारी सकाळी बाकावरच्या खेळाडूंचे गुण पाहायचे, आपल्या निर्णयाला चूक म्हणायचे आणि पुढच्या रविवारी त्या चुकीची भरपाई म्हणून आदल्या आठवड्यात ज्याने गुण मिळवले त्यालाच खेळवायचे, असा माझा क्रम होता.

मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात गुणवत्ता तपासणीचे काम करते. तिथे चाचणी सुरू होण्यापूर्वी स्वीकाराचा निकष लेखी ठरवावा लागतो, कारण आकडा हाती आल्यानंतर लिहिलेल्या निकषाला काही अर्थ राहत नाही. तीच शिस्त या हंगामात इथे लावून पाहायची, एवढाच हा प्रकल्प आहे. प्रत्येक निर्णयापुढे खेळाडूचे नाव, त्याला खेळवण्याचे किंवा बसवण्याचे कारण आणि कोणती बातमी आल्यास मत बदलेन, हे सामन्याआधी लिहायचे. निकालाचा रकाना मंगळवारपर्यंत कोरा ठेवायचा.

गुणांची पद्धत सरळ आहे. प्रत्येक झेलाला १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, ६ गुण. संघात तीन वाइड रिसीव्हर खेळवता येतात, आणि फ्लेक्स नावाच्या जागी आणखी एक रिसीव्हर, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) किंवा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) बसतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या खेळाडूंच्या निवडीत, माझ्याकडे डॅलसचा सीडी लॅम्ब, न्यू यॉर्क जेट्सचा गॅरेट विल्सन, क्लीव्हलँडचा अमारी कूपर, चार्जर्सचा माइक विल्यम्स आणि मिनेसोटाने पहिल्या फेरीत घेतलेला नवोदित जॉर्डन ॲडिसन असे पाच रिसीव्हर आले आहेत.

१२ सप्टेंबर, मंगळवार

काल रात्री जेट्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) ॲरन रॉजर्स सामन्यातल्या चौथ्याच खेळीत जायबंदी झाला. टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आहे आणि त्याचा हंगाम संपला आहे. गॅरेट विल्सनला मी रॉजर्सच्या भरवशावर इतक्या वर घेतले होते. वहीत त्याच्या नावापुढे ‘क्वार्टरबॅक बदलला, टार्गेटचा वाटा बदलण्याचे कारण नाही’ एवढेच लिहिले आहे. टार्गेट म्हणजे रिसीव्हरच्या दिशेने फेकलेला चेंडू, मग तो झेलला जावो वा न जावो. त्याच्याकडे चेंडू येत राहतील. पण ते चेंडू झेलण्याजोगे असतील का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याच्यासाठी मला स्वतंत्र रकाना करावा लागला.

दुसरी बातमी लॉस एंजेलिस रॅम्सची. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे त्यांचा मुख्य रिसीव्हर कूपर कप शनिवारी जायबंदी यादीत गेला, म्हणजे किमान चार सामने बाहेर. त्याच्या गैरहजेरीत पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर निवडलेल्या पुका नाकुआ या नवोदिताने सिॲटलविरुद्ध १० झेल आणि ११९ यार्ड मिळवले. आमच्या पद्धतीने २१.९ गुण. मला गुणांपेक्षा अधिक लक्षणीय वाटले ते हे की त्याच्याकडे १५ चेंडू टाकले गेले. ज्याला संघ पंधरा वेळा शोधतो, तो त्या संघाच्या योजनेचा भाग असतो. एखादा लांबचा पास योगायोगाने हाती लागू शकतो, पंधरा टार्गेट योगायोगाने येत नाहीत.

१३ सप्टेंबर, बुधवार

वेव्हरच्या, म्हणजे कोणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंच्या, बोलीत शंभरपैकी ४१ डॉलर लावून नाकुआ घेतला. हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात एवढी रक्कम खर्च करणे अनेकांना धाडसाचे वाटले, पण वेव्हरवर टार्गेट विकत घेण्याची संधी सप्टेंबरातच मिळते.

१६ सप्टेंबर, शनिवार

उद्याचा निर्णय: लॅम्ब, विल्सन आणि कूपर खेळणार, फ्लेक्सवर विल्यम्स, नाकुआ आणि ॲडिसन बाकावर. नाकुआला बसवण्याची दोन कारणे लिहिते. पहिले, पोटाच्या बाजूच्या स्नायूच्या तक्रारीमुळे त्याच्या नावापुढे ‘क्वेश्चनेबल’ (खेळेलच याची खात्री नाही) असा शेरा आहे. दुसरे, समोर सॅन फ्रान्सिस्को आहे, आणि त्या संघाचा बचाव भारी आहे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज गणेश चतुर्थी. आरती आटोपल्यावर वही उघडली.

नाकुआने १५ झेल आणि १४७ यार्ड मिळवले, २९.७ गुण माझ्या बाकावर राहिले. एका सामन्यात पंधरा झेल हा नवोदितांचा विक्रम आहे, आणि कारकिर्दीच्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून २५ झेल आजवर कोणीही घेतलेले नव्हते. मात्र निकाल बाजूला ठेवून माझी दोन कारणे तपासली, तेव्हा पहिले कारण टिकणारे निघाले आणि दुसरे टिकले नाही. दुखापतीचा शेरा खरा होता, त्यामुळे दुपारी खेळाडूंची अंतिम यादी येईपर्यंत थांबणे योग्य होते; पण तो खेळणार हे यादीने स्पष्ट केल्यावरही मी निर्णय बदलला नाही, कारण मनात ‘सॅन फ्रान्सिस्को’ हे नाव बसले होते.

त्या नावात नेमके कशाचे भय होते, हे मी लिहिलेच नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचा बचाव बहुतांशी झोन पद्धतीने खेळतो, म्हणजे प्रत्येक बचावपटू एका खेळाडूऐवजी मैदानाचा एक भाग राखतो. एक कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) समोरच्या मुख्य रिसीव्हरच्या मागे मैदानभर फिरतो, असे तिथे सहसा होत नाही. झोनमधल्या मोकळ्या जागा शोधून थांबणाऱ्या आणि जवळचे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अशा बचावासमोर झेल मिळतात, यार्ड जरी थोडे मिळाले तरी. शिवाय बलाढ्य संघासमोर मागे पडलेला संघ धावण्यापेक्षा फेकण्यावर भर देतो: रॅम्सच्या मॅथ्यू स्टॅफर्डने त्या दिवशी ५५ पास फेकले आणि त्यांपैकी २० नाकुआकडे होते. म्हणजे ज्या कारणासाठी मी त्याला बसवले, त्याच कारणाने त्याच्याकडे इतके चेंडू आले.

याच आठवड्यात विल्सनच्या आकड्यांनीही काही शिकवले. डॅलसविरुद्ध त्याने फक्त २ झेल घेतले, पण त्यांतला एक ६८ यार्डांचा टचडाउन होता, म्हणून ८३ यार्डांसह १६.३ गुण झाले. त्याच सामन्यात लॅम्बने ११ झेल आणि १४३ यार्ड मिळवून २५.३ गुण केले. दोघेही माझ्या कामी आले. परंतु पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधताना अकरा झेलांवर विसंबता येते, एका लांब धावेवर येत नाही. टचडाउन हा रिसीव्हरच्या गुणांमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत चंचल भाग आहे, म्हणून आजपासून निकालाच्या रकान्यात टचडाउनचे गुण वेगळ्या शाईने लिहीन.

२६ सप्टेंबर, मंगळवार

तिसऱ्या आठवड्यात नाकुआला फ्लेक्सवर आणले आणि विल्यम्सला बसवले. रॅम्सचा सामना सोमवारी रात्री सिनसिनाटीत होता, आणि उशिरा खेळणारा खेळाडू फ्लेक्सवर ठेवला की आयत्या वेळी तो बाद झाल्यास बदलाला वाव राहतो. गुरुवारी खेळणाऱ्या माणसाला मात्र फ्लेक्सवर कधीही ठेवू नये. त्याचा सामना झाला की ती मोकळी जागा रविवारसाठी कायमची अडते. नवीन सदस्यांना मी हा नियम सर्वांत आधी सांगते.

निकाल असा: नाकुआ ५ झेल, ७२ यार्ड, १२.२ गुण. विल्यम्सने मिनेसोटाविरुद्ध ७ झेल, १२१ यार्ड आणि एका टचडाउनसह बाकावर २५.१ गुण मिळवले, आणि त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याचा हंगाम संपला. त्याच सामन्यात कीनन ॲलनने १८ झेल आणि २१५ यार्ड घेऊन वर विल्यम्सला ४९ यार्डांचा टचडाउन पास स्वतः फेकला. ॲलन माझ्या प्रतिस्पर्ध्याकडे होता.

फक्त गुण पाहिले तर मी १२.९ गुण गमावले. तरीही वहीत ‘निर्णय योग्य’ असा शेरा लिहिला आहे, आणि तो मनाच्या समाधानासाठी नाही. निर्णयाच्या वेळी उपलब्ध असलेली माहिती नाकुआच्या बाजूची होती: दोन सामन्यांत ३५ टार्गेट, कप बाहेर, आणि प्रतिस्पर्धी चांगला असला तरी खेळाच्या योजनेत फरक पडण्याचे चिन्ह नाही. मावसभावाने पुण्याहून विचारले, ‘ताई, पंचवीस गुण बाकावर आणि तू योग्य म्हणतेस?’ मी त्याला हेच सांगितले की हा शेरा पुढच्या आठवड्याच्या निवडीसाठी आहे, झालेल्या सामन्यासाठी नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

चौथ्या आठवड्यात नाकुआचे इंडियानापोलिसविरुद्ध ९ झेल, १६३ यार्ड आणि जादा वेळेतला विजयी टचडाउन: ३१.३ गुण.

कूपरच्या बाबतीत माझी तयारी कमी पडली. क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक डीशॉन वॉटसन खांद्याच्या दुखापतीमुळे रविवारी खेळणार नाही, हे सामन्याच्या तोंडावर कळले. त्याच्या जागी नवोदित डोरियन टॉमसन-रॉबिन्सन आला, त्याने तीन इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, आणि बाल्टिमोरने सामना २८-३ असा जिंकला. कूपरच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. आतापर्यंत साडेअकराला, म्हणजे एक वाजताच्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी येणाऱ्या यादीत मी फक्त माझ्या रिसीव्हरची नावे शोधत होते. यापुढे त्यांना चेंडू फेकणाऱ्याचे नावही शोधायचे, आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या सरावाच्या अहवालात क्वार्टरबॅकसाठीही एक ओळ राखायची.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सॅन फ्रान्सिस्कोने डॅलसला ४२-१० असे हरवले. लॅम्बचे ४ झेल, ४९ यार्ड, ८.९ गुण. आमच्या गटात दोघांनी त्याच्यासाठी अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला, आणि प्रस्तावांची भाषा अशी होती की जणू मी सुटकेच्या शोधात आहे. मी दोन्ही नाकारले. लॅम्ब प्रत्येक पास खेळात मैदानावर आहे, स्लॉटमधूनही (म्हणजे आतल्या बाजूनेही) धावतो आणि बाहेरूनही. त्याच्या वापरात घट नाही, त्याच्या संघाच्या खेळात घट आहे. डॅलस सप्टेंबरात मोठ्या फरकाने जिंकत होता तेव्हा फेकण्याची गरज पडत नव्हती, आणि परवा तर कोणतीच योजना चालली नाही. अशा खेळाडूला बसवण्यासाठी वेगळ्या प्रतीचा पुरावा हवा. एका वाईट रात्रीवरून तो मिळत नाही.

मिनेसोटात जस्टिन जेफरसनच्या मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत झाली आहे. तो जायबंदी यादीत गेला तर ॲडिसन त्या संघाचा पहिला रिसीव्हर होतो. वही त्याच्या नावाच्या पानावर उघडी ठेवली आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

लॅम्ब चार्जर्सविरुद्ध ७ झेल, ११७ यार्ड, १८.७ गुण. कप परतल्यावर दुसऱ्या सामन्यात नाकुआ ४ झेल आणि २६ यार्डांवर थांबला, ६.६ गुण, त्याच्या आधीच्या आठवड्यात कपचे ११८ यार्ड असतानाही नाकुआने ७ झेल, ७१ यार्ड आणि टचडाउन मिळवला होता. म्हणजे दोघे एकत्र खेळू शकतात हे एकदा दिसले आहे आणि एकदा दिसले नाही. नाकुआ कपच्या सावलीत गेला असे लगेच म्हणणारे पुष्कळ आहेत. तो अजून जवळजवळ प्रत्येक पास खेळात रूट, म्हणजे झेलासाठी ठरवलेल्या मार्गाने, धावतो, या एका गोष्टीमुळे मी तसे म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात डॅलस आणि जेट्स या दोघांनाही बाय, म्हणजे सामना नसलेला आठवडा, आहे, त्यामुळे लॅम्ब आणि विल्सन दोघेही नाहीत. ड्राफ्टच्या दिवशी बायचे आठवडे पाहून खेळाडू निवडू नयेत असे माझे अजूनही मत आहे, पण त्याची किंमत एखाद्या रविवारी मोजावी लागते ती अशी.

२१ ऑक्टोबर, शनिवार

नाकुआ आणि कूपर नक्की. तिसऱ्या जागेसाठी ॲडिसन किंवा काल वेव्हरवरून घेतलेला एक अनुभवी रिसीव्हर, ज्याचा संघ या आठवड्यात कमजोर बचावासमोर खेळतो. ॲडिसनचा सामना सोमवारी रात्री आहे, आणि समोर सॅन फ्रान्सिस्को आहे. अनुभवी खेळाडूला खेळवते.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ॲडिसन: ७ झेल, १२३ यार्ड, २ टचडाउन, ३१.३ गुण. मिनेसोटा २२-१७ असा जिंकला. ६० यार्डांच्या टचडाउनमध्ये त्याने कॉर्नरबॅकच्या हातातून चेंडू अक्षरशः ओढून घेतला. माझ्या निवडीच्या खेळाडूचे गुण त्याच्या जवळपासही नव्हते, आणि तेवढ्याच फरकाने मी सामना हरले.

आज दसरा असल्याने रात्री सगळे निवांत झाल्यावर वहीची मागची पाने चाळली. १६ सप्टेंबरच्या नोंदीत ‘समोर सॅन फ्रान्सिस्को आहे’ असे लिहिले आहे. २१ ऑक्टोबरच्या नोंदीतही हेच शब्द आहेत. पाच आठवड्यांच्या अंतराने मी तेच वाक्य तसेच लिहिले, आणि दोन्ही वेळा त्या वाक्याच्या पुढे ठोस असे काहीही लिहिलेले नाही: बचाव कोणत्या पद्धतीचा आहे, या रिसीव्हरवर त्याचा कोणत्या मार्गाने परिणाम होईल, संघ मागे पडल्यास पास वाढतील की नाही. जेफरसन बाहेर असल्यामुळे क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला कोणाकडे तरी फेकायचेच होते आणि त्याने ३७८ यार्ड फेकले. हे सारे शनिवारीही ठाऊक होते, म्हणून या निर्णयापुढे ‘चूक’ असाच शेरा लिहिला आहे. ॲडिसनने एकही टचडाउन केला नसता, तरीही मी हाच शेरा लिहिला असता.

ही वही ठेवली नसती तर या दोन चुकांमधले साम्य मला दिसले नसते. सप्टेंबरातली चूक मला ‘नवख्याला लवकर ओळखता आले नाही’ अशी आठवत होती आणि ऑक्टोबरची ‘बायच्या आठवड्यात निवड चुकली’ अशी आठवली असती. दोन्ही ठिकाणी मी प्रत्यक्षात प्रतिस्पर्ध्याच्या नावाला कारण समजले.

नवा नियम: प्रतिस्पर्ध्याचे नाव हे कारण म्हणून लिहायचे नाही. त्याऐवजी दोन गोष्टी लिहायच्या. एक, सट्टेबाजांनी दिलेल्या एकूण गुणांच्या अंदाजातून या रिसीव्हरच्या संघाच्या वाट्याला किती गुण येतात; उदाहरणार्थ एकूण ४८ आणि संघ ४ गुणांनी पुढे असेल तर त्याच्या वाट्याला २६ आणि समोरच्याच्या वाट्याला २२. दोन, रिसीव्हर कुठून धावतो आणि त्या जागेवर समोर कोण असेल. या दोन्हींत ठोस अडचण दिसली तरच टार्गेटच्या वाट्याविरुद्ध जायचे.

नाकुआचे या आठवड्यात ८ झेल आणि १५४ यार्ड झाले, पिट्सबर्गविरुद्ध, २३.४ गुण. त्याला खेळवणे योग्य होते आणि निकालही अनुकूल आला.

३० ऑक्टोबर, सोमवार

लॅम्ब: १२ झेल, १५८ यार्ड, २ टचडाउन, ३९.८ गुण. ज्या दोघांनी त्याला मागितले होते त्यांना मी काही बोलले नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज लक्ष्मीपूजन आहे आणि संध्याकाळी चार कुटुंबे घरी येणार आहेत, त्यामुळे निर्णय सकाळीच लिहून ठेवते. रॅम्सना बाय असल्याने नाकुआ नाही. बुधवारी ह्यूस्टनचा नोआ ब्राउन घेतला होता. गेल्या रविवारी सी. जे. स्ट्राउडने टँपाविरुद्ध ४७० यार्ड आणि ५ टचडाउन फेकले, त्यांत ब्राउनचे ६ झेल, १५३ यार्ड आणि एक टचडाउन होता. त्या २७.३ गुणांसाठी मी त्याला खेळवत नाही. त्याच गुणांच्या मागे लागून मी पूर्वी अनेक आठवडे घालवले आहेत. त्याच संघाचा रिसीव्हर निको कॉलिन्स पोटरीच्या दुखापतीमुळे सिनसिनाटीविरुद्ध खेळणार नाही, म्हणून बाहेरच्या बाजूने धावण्याच्या खेळांचा मोठा हिस्सा ब्राउनकडे जाईल. वहीत कारण म्हणून एवढेच लिहिले आहे, आणि कॉलिन्स खेळणार असता तर ब्राउन बाकावर असता हेही लिहिले आहे.

साडेअकराला यादी पाहिली. कॉलिन्स बाहेर. ब्राउन कायम.

रात्री दहा: ब्राउन ७ झेल, १७२ यार्ड, २४.२ गुण. लॅम्बने जायंट्सविरुद्ध ११ झेल आणि १५१ यार्ड घेतले; सलग तीन सामन्यांत किमान १० झेल आणि १५० यार्ड घेणारा तो एनएफएलच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. घड्याळे मागे गेल्यामुळे पुण्यात आता सामने साडेअकराला सुरू होतात, तरी मावसभाऊ फटाक्यांच्या आवाजात जागा होता.

५ डिसेंबर, मंगळवार

तेराव्या आठवड्यात सहा संघांना एकाच वेळी बाय होता, त्यांत मिनेसोटाही होता. रॅम्स आणि क्लीव्हलँड एकमेकांसमोर होते आणि माझे दोन्ही रिसीव्हर त्याच मैदानावर होते. नाकुआने ७० यार्डांच्या टचडाउनसह ४ झेल आणि १०५ यार्ड मिळवले. कूपर डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर गेला. त्याला आता पाच टप्प्यांची तपासणी पूर्ण करावी लागेल आणि संघाशी संबंध नसलेल्या मज्जातज्ज्ञाची परवानगी लागेल. अशा दुखापतीत रविवारी खेळेल की नाही याचा अंदाज बांधण्यात मी वेळ घालवत नाही. खेळाडूने परवानगी मिळेपर्यंत थांबावे, हेच बरोबर आहे. ह्यूस्टनच्या टँक डेलचे पायाचे हाड त्याच दिवशी मोडले. तो माझ्या संघात नव्हता, तरीही त्याच्या पहिल्या हंगामाचा असा शेवट पाहून फार वाईट वाटले.

क्लीव्हलँडने ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला क्वार्टरबॅक म्हणून उतरवले आहे. तो लांब फेकतो आणि सतत फेकतो. कूपरच्या पानावर मोठ्या अक्षरांत तसे लिहिले.

१९ डिसेंबर, मंगळवार

आमच्या बाद फेरीचा पहिला आठवडा पार पडला. शनिवारी ॲडिसनने सिनसिनाटीविरुद्ध ६ झेल, १११ यार्ड आणि २ टचडाउन मिळवले: २९.१ गुण, बाकावर. त्याला बसवण्याचे कारण मी शुक्रवारी लिहिले होते की जेफरसन परतला आहे, क्वार्टरबॅक नवा आहे, आणि कूपरकडे फ्लॅकोचे पास अधिक खात्रीने येतील. कूपरने शिकागोविरुद्ध ४ झेल, १०९ यार्ड आणि ५१ यार्डांचा टचडाउन घेतला. शेरा: निर्णय योग्य. कारणात प्रतिस्पर्ध्याचे नाव नव्हते, हे मुद्दाम तपासले.

२५ डिसेंबर, सोमवार

उपांत्य सामना जिंकला. गुरुवारी नाकुआने न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ९ झेल, १६४ यार्ड आणि टचडाउन घेऊन केवळ झेलांतून ३१.४ गुण दिले होते. त्याला मी फ्लेक्सवर न ठेवता रिसीव्हरच्या जागी ठेवले होते. आणि काल ह्यूस्टनमध्ये कूपर: ११ झेल, २६५ यार्ड, २ टचडाउन, ४९.५ गुण. जॉश गॉर्डनने २०१३ साली केलेला २६१ यार्डांचा क्लीव्हलँडचा विक्रम त्याने मोडला. तीन आठवड्यांपूर्वी तो मैदान सोडून गेला होता, तेव्हा त्याला सोडून द्यावे असे मला दोघांनी सुचवले होते.

हे ४९.५ गुण वहीत लिहिताना टचडाउनचे १२ वेगळ्या शाईने लिहिले. उरलेले ३७.५ सुद्धा कोणत्याही आठवड्यात अपेक्षा करावी असे नाहीत. पुढच्या आठवड्यासाठी उपयोगाचे वाक्य एवढेच, की फ्लॅको त्याला शोधतो.

२८ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळी ७.४०

अंतिम सामन्याचा आठवडा. क्लीव्हलँड आणि जेट्स यांचा सामना सव्वाआठला आहे, म्हणजे कूपर आणि विल्सन दोघेही आज. पावणेसातला यादी आली: टाचेच्या दुखापतीमुळे कूपर खेळणार नाही.

नाकुआ आणि शनिवारी डेट्रॉइटविरुद्ध खेळणारा लॅम्ब यांच्याबद्दल प्रश्नच नाही. तिसऱ्या जागेवर आता विल्सन, किंवा रविवारी रात्री ग्रीन बेविरुद्ध खेळणारा ॲडिसन. ॲडिसनचा घोटा दुखावलेला आहे आणि त्याला जॅरेन हॉल हा नवोदित क्वार्टरबॅक फेकणार आहे. विल्सनला ट्रेव्हर सीमियन फेकणार आहे आणि समोर क्लीव्हलँडचा बचाव आहे, जो या हंगामात सर्वांत कमी यार्ड देतो.

शेवटचे वाक्य लिहिल्यावर हात थांबला, कारण ते तिसऱ्यांदा तेच वाक्य होते. नियमाप्रमाणे ते खोडले आणि त्याच्या जागी ठोस गोष्टी मांडल्या. जेट्सच्या वाट्याला येणारा गुणांचा अंदाज कमी आहे, ही खरी अडचण आहे. पण क्लीव्हलँड पुढे राहिला तर जेट्स फेकत राहतील, आणि जेट्सकडे फेकण्यासाठी विल्सनइतका दुसरा कोणी नाही. क्वार्टरबॅक कोणीही असला तरी वर्षभर त्याच्याकडे टार्गेट येत राहिली आहेत. ॲडिसनच्या बाबतीत घोटा, जेफरसनचा वाटा आणि नवखा क्वार्टरबॅक अशा तीन अडचणी एकत्र आहेत. त्यांपैकी घोट्याचा अंदाज रविवारच्या यादीपर्यंत येणार नाही. विल्सन आजच खेळतो म्हणून तो रिसीव्हरच्या जागी बसतो आणि फ्लेक्स रविवारपर्यंत मोकळा राहतो. ॲडिसनचे नाव यादीत आले तर तिथे त्याचा विचार करता येईल, नाहीतर रनिंग बॅक आहे.

मावसभावाचा पुण्याहून निरोप आला होता, तिकडे पहाटेचे सहा वाजले असतील: ‘ताई, क्लीव्हलँडसमोर विल्सन नको.’ त्याला कारण विचारले. अजून उत्तर आलेले नाही.

७.५२. विल्सन खेळणार. निकालाचा रकाना कोरा.